कास्पार डाव्हिड फ्रीड्रिख : शिसपेन्सिल आणि सेपियाचा निसर्गचित्रकार

स्वच्छंदतावादी साहित्यात निसर्ग ही केवळ पार्श्वभूमी नसते. तो मनाच्या अवस्थेचेच रूप होतो. चित्रकलेत हे परिवर्तन कसे घडले, ते जर्मन चित्रकार कास्पार डाव्हिड फ्रीड्रिख यांच्या चरित्रावरून तुमच्या लक्षात येईल.

फ्रीड्रिख यांचा जन्म ५ सप्टेंबर १७७४ रोजी बाल्टिक किनाऱ्यावरील ग्राइफ्सवाल्ड या नगरात झाला. हा प्रदेश त्या काळी स्वीडनच्या अमलाखाली होता. वडील मेणबत्त्या व साबण तयार करीत. १७८१ मध्ये आई निवर्तली. १७८७ मध्ये गोठलेल्या पाण्यावरील बर्फ फुटून धाकटा भाऊ बुडाला. त्यांच्या चित्रांतील हिमाच्छादित एकांत पाहताना हा आघात आठवतो. परंतु तेवढ्यावरून चित्रांचा अर्थ लावणे अपुरे ठरेल, हे ध्यानात ठेवा.

कोपनहेगनच्या कला अकादमीत शिक्षण घेऊन १७९८ मध्ये ते ड्रेस्डेनला स्थायिक झाले. पुढील काही वर्षे त्यांनी मुख्यतः कागदावरच काम केले. शिसपेन्सिलीने बारीक रेषा आखायच्या आणि त्यांवर सेपिया या तपकिरी रंगाचे, पाण्याने पातळ केलेले थर द्यायचे, ही त्यांची पद्धत होती. अशा पातळ थरास ‘वॉश’ म्हणतात. येथे प्रकाशासाठी पांढरा रंग लावावा लागत नाही; कोरा ठेवलेला कागदच प्रकाश होतो. म्हणून काय रंगवावे याइतकेच काय सोडावे, हेही चित्रकाराला आधी ठरवावे लागते.

१८०५ मध्ये गटे यांच्या पुढाकाराने वायमार येथे भरणाऱ्या स्पर्धेचा विषय हर्क्युलीसचे पराक्रम हा होता. फ्रीड्रिख यांनी मात्र सेपियातील दोन निसर्गचित्रे पाठविली, आणि तरीही त्यांना पारितोषिकाचा अर्धा वाटा मिळाला. पुराणकथांतील वीरांच्या चित्रांपेक्षा निसर्गचित्र दुय्यम मानले जाई, त्या काळातील हा निर्णय आहे. याच सुमारास त्यांनी आपल्या चित्रशाळेच्या दोन खिडक्या पेन्सिल व सेपियात चितारल्या. आत जवळजवळ रिकामी खोली, बाहेर एल्ब नदी; एवढ्यातून आतले आणि बाहेरचे जग समोरासमोर येते.

तैलचित्रांकडे ते तिशी ओलांडल्यावर वळले. १८१० मध्ये प्रशियाच्या राजाने त्यांची दोन चित्रे विकत घेतली. पुढे मात्र अभिरुची पालटली. १८२४ मध्ये ड्रेस्डेन अकादमीत त्यांना प्राध्यापकपद मिळाले, पण निसर्गचित्रणाचा वर्ग मिळाला नाही. १८३५ मध्ये पक्षाघात झाला. तैलरंगात काम करणे अवघड झाल्यावर ते पुन्हा सेपियाकडे वळले. ज्या साधनाने प्रथम मान दिला, त्यानेच अखेरच्या वर्षांत साथ दिली.

७ मे १८४० रोजी त्यांचे निधन झाले. त्यानंतर ते दीर्घकाळ विस्मृतीत गेले. १९०६ मधील बर्लिनच्या प्रदर्शनाने त्यांच्याकडे पुन्हा लक्ष वेधले.

आता विचार करा : कोरा ठेवलेला कागद चित्रात जे कार्य करतो, ते कवितेत कशामुळे साधते? तुमच्या अभ्यासक्रमातील एखादी निसर्गकविता घेऊन उत्तर लिहून पाहा.