पिशवीच्या तोंडाला टाका घालणारे डॉ. शिरोडकर

पाटस परिसरातल्या बायका याला ‘पिशवीच्या तोंडाला टाका’ म्हणतात. फाइलवर मात्र बऱ्याचदा ‘शिरोडकर स्टिच’ लिहिलेले असते. हे शिरोडकर आपल्याच मुंबईचे डॉक्टर, हे तुम्हाला कदाचित माहीत नसेल.

विठ्ठल नागेश शिरोडकर यांचा जन्म १८९९ साली गोव्यातल्या शिरोड्याचा. शाळा हुबळीला, डॉक्टरकी मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात. १९३१ मध्ये ते इंग्लंडमध्ये एफआरसीएस झाले. परतल्यावर जे. जे. रुग्णालयात काम आणि ग्रँटमध्येच प्रसूतिशास्त्राचे अध्यापन.

त्या काळी चौथ्या ते सातव्या महिन्यात पुन्हा पुन्हा गर्भ गमावणाऱ्या बाईला काय मिळायचे? सक्तीची विश्रांती, आणि घरच्यांचे बोल. पायगुण, नजर, तिचेच काहीतरी चुकले असणार! (हे बोल अजून पुरते थांबलेले नाहीत.) शिरोडकरांनी तिच्या गर्भाशयाच्या तोंडाकडे पाहिले. फारशा कळा न येता ते आपोआप उघडते आणि चांगला वाढणारा गर्भ निसटतो, असे काही स्त्रियांत घडते. थैलीची नाडी सैल झाली की आतले सांडते, तसेच हे. दोष बाळात नाही, बाईच्या वागण्यात तर नाहीच.

मग नाडी आवळायची. योनीमार्गातून, मूत्राशय थोडे वर सरकवून, ते गर्भाशयमुखाच्या आतल्या टोकापर्यंत पोचत आणि तिथे पट्टी बांधत. ही पट्टी त्या बाईच्याच मांडीतल्या चिवट पडद्याची असे! पुढे कृत्रिम फीत आली. १९५५ मध्ये त्यांनी ही पद्धत मद्रासच्या ‘अँटिसेप्टिक’ या वैद्यकीय मासिकात छापली आणि ती जगभर गेली. १९५७ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या मॅकडोनाल्ड यांनी सोपा प्रकार सुचवला. आज बहुतेक ठिकाणी तोच घालतात, पण बोलताना नाव अनेकदा शिरोडकरांचेच घेतले जाते.

अंग बाहेर येणाऱ्या तरुण स्त्रियांची पिशवी न काढता ती आधार देऊन वर बांधण्याची शस्त्रक्रियाही त्यांचीच. पिशवी काढून टाकण्याची घाई करणाऱ्यांनी हे जरूर आठवावे. १९७१ मध्ये त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी त्यांना पद्मविभूषण मिळाले होते.

आता तुमच्यासाठी. पहिल्या तीन महिन्यांतले बहुतेक गर्भपात गर्भातल्या गुणसूत्रांच्या दोषाने होतात. तिथे टाक्याचा उपयोग नाही. म्हणून ‘खबरदारी म्हणून एक टाका घालून टाका’ असा आग्रह डॉक्टरांकडे धरू नका. पण चौथ्या-पाचव्या महिन्यात कळांशिवाय गर्भ गेला असेल किंवा आधीचे बाळंतपण फार लवकर झाले असेल, तर दिवस राहताच स्त्रीरोगतज्ज्ञांना भेटा. योनीमार्गातून केलेल्या सोनोग्राफीत गर्भाशयमुखाची लांबी मोजता येते. चोविसाव्या आठवड्याआधी ती २५ मिलिमीटरपेक्षा कमी भरली, तर टाका किंवा प्रोजेस्टेरॉन यांचा विचार होतो. टाका ठरवून घालायचा असल्यास बाराव्या ते चौदाव्या आठवड्याच्या सुमारास घालतात आणि साधारण छत्तीस-सदतिसाव्या आठवड्यात काढतात. तो असताना पाणी गेले, ताप आला, रक्त दिसले किंवा कळा सुरू झाल्या, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठा. कळा चालू असताना टाका तसाच राहिला, तर गर्भाशयमुख फाटू शकते.