मगर, पोलाद आणि तात

हिंजवडीच्या आयटी पार्कमधील काम आटोपून संध्याकाळी टेनिस कोर्टावर उतरणाऱ्या मंडळींपुढे अधूनमधून एक प्रश्न उभा राहतो. रॅकेटची तात तुटली, आता गटिंग कसे करून घ्यायचे? एका सलग तातीने, की उभ्या तातींसाठी एक आणि आडव्यांसाठी दुसरा, असे दोन तुकडे करून? सलग विणल्यास गाठी दोनच येतात. दोन तुकड्यांत त्या चार होतात. मात्र उभी तात एका जातीची आणि आडवी दुसऱ्या जातीची घेण्याची मुभा मिळते. ताणाचा प्रश्न आणखी वेगळा. घट्ट ताणावी तर चेंडूवर ताबा राहतो, थोडी सैल ठेवावी तर चेंडू अधिक वेगाने सुटतो. अशा चर्चा ऐन रंगात आलेल्या असताना त्या घोळक्यातल्या एखाद्याच्या शर्टावर छातीशी एक लहानशी हिरवी मगर दिसते. ती मगर ज्याची, त्या माणसाने या तातींच्या प्रश्नावर आयुष्याची कितीतरी वर्षे खर्ची घातली होती, हे बहुतेकांच्या गावीही नसते.

रेने लाकोस्त यांचा जन्म 2 जुलै 1904 रोजी पॅरिसमध्ये झाला. वडील मोटारी बनविणाऱ्या कंपनीत मोठ्या हुद्द्यावर होते. घरात सुबत्ता होती आणि मुलाने इंजिनीअर व्हावे अशी अपेक्षाही होती. टेनिसशी गाठ पडली ती वयाच्या पंधराव्या वर्षी, इंग्लंडच्या प्रवासात. म्हणजे पुढे अव्वल ठरलेल्या खेळाडूच्या मानाने फारच उशिरा. प्रकृती नाजूक, अंगात जन्मजात ताकद नाही, मनगटात जादू नाही. मग त्यांनी केले काय, तर खेळाचा अभ्यास मांडला. प्रतिस्पर्ध्यांच्या फटक्यांची टिपणे वहीत उतरवून ठेवणारा हा खेळाडू बेसलाइनवर उभा राहून चेंडू परतवत राही आणि समोरचा चूक करीपर्यंत त्याचा धीर सुटत नसे.

ज्याँ बोरोत्रा, आंरी कोशे, जाक ब्रुन्यों आणि लाकोस्त या चौघांना फ्रान्सने मस्केटियर्स म्हणून डोक्यावर घेतले. लाकोस्त यांनी फ्रेंच स्पर्धा 1925, 1927 आणि 1929 मध्ये, विम्बल्डन 1925 आणि 1928 मध्ये, तर अमेरिकन स्पर्धा 1926 आणि 1927 मध्ये जिंकली. पण फ्रेंचांच्या लेखी या सातांहून मोठा विजय होता तो 1927 च्या डेव्हिस चषकाचा. सात वर्षे अमेरिकेकडे असलेला चषक फिलाडेल्फियात जाऊन हिसकावून आणायचा होता आणि समोर होता बिल टिल्डन. लाकोस्त यांनी टिल्डनला हरविले, जॉन्स्टनलाही हरविले. निर्णायक सामना कोशे यांनी जिंकला. पुढच्या वर्षी हा चषक मायदेशी राखण्यासाठी फ्रान्सने नवे स्टेडियम बांधले. तेच आजचे रोलाँ गारोस.

मगरीची कथा त्याआधीची. 1923 मध्ये संघाच्या कप्तानाशी मगरीच्या कातडीच्या बॅगेवरून पैज लागली, ती बातमी अमेरिकन वृत्तपत्रांत गेली आणि हे टोपणनाव चिकटले. रोबेर जॉर्ज या मित्राने मगर रेखाटून दिली, ती कोटावर आली. 1933 मध्ये आंद्रे जिलिए या कापड उद्योजकाबरोबर लाकोस्त यांनी अर्ध्या बाह्यांचे, हवा खेळती ठेवणारे शर्ट बाजारात आणले. पुढचे सर्वांना ठाऊक आहे.

मात्र त्यापूर्वीच खेळ सुटला होता. 1929 ची फ्रेंच स्पर्धा जिंकली तेव्हा त्यांना पंचविसावे वर्षही पुरे झाले नव्हते. श्वसनाच्या विकाराने शरीर साथ देईना. 1932 मधील अल्पकाळचे पुनरागमन सोडले, तर स्पर्धात्मक टेनिस तिथेच संपले. उरले ते इंजिनीअरचे डोके. सरावासाठी चेंडू फेकणारे यंत्र त्यांनी खेळत असतानाच तयार करविले होते. आता लक्ष रॅकेटकडे वळले.

तेव्हाची रॅकेट लाकडाची. ती दमट हवेत वाकू नये म्हणून चौकटीत आवळून ठेवावी लागे, आणि जनावरांच्या आतड्याची तात ओल लागली की खराब होई. पुण्या-मुंबईच्या पावसाळ्यात हे दुखणे काय असेल, ते वेगळे सांगायला नको. लाकडाला भोके पाडून त्यांतून तात ओवत. प्रत्येक भोकागणिक चौकट कमकुवत होई आणि कडेवर घासून तात झिजे. लाकोस्त यांनी पोलादाची पोकळ नळी वाकवून रॅकेटचे डोके बनविले. पण नळीला भोके पाडली तर तीही दुबळी होणार. मग त्यांनी नळीभोवती पोलादी तार वेटोळ्यांनी गुंडाळली. या वेटोळ्यांचे आतल्या बाजूस फासे तयार झाले आणि तात त्या फाशांतून ओवली. म्हणजे तात चौकटीत रुतलेली न राहता जणू तिच्यात टांगलेली राहिली. चेंडू आदळला की ताणलेल्या चादरीसारखी ती दबे आणि जोराने उसळे.

ही रॅकेट 1963 मध्ये आली. अमेरिकेत विल्सन कंपनीने 1967 मध्ये ती टी-2000 नावाने विकायला काढली आणि त्याच वर्षी बिली जीन किंग यांनी पोलादी रॅकेटने अमेरिकन स्पर्धा जिंकली. लाकडाच्या दीर्घ सत्तेला पहिला मोठा धक्का बसला तो असा.

गटिंग करणाऱ्यांनी मात्र या शोधाला दुवा दिला नसावा. वेटोळ्यांच्या फाशांतून तात ओवणे हे लाकडाच्या सरळ भोकांपेक्षा किती तरी वेळखाऊ आणि किचकट काम. वेग भरपूर, पण ताबा कठीण, हीही खेळाडूंची तक्रार होती. जिमी कॉनर्स यांनी ती मनावर घेतली नाही. 1974 पासून 1982 पर्यंतच्या त्यांच्या चार अमेरिकन विजेतेपदांना हीच रॅकेट साथीला होती. कंपनीने उत्पादन बंद केल्यावरही जुन्या रॅकेट मिळवून ते खेळत राहिले.

तात विणण्याच्या पद्धतीला टेनिसच्या नियमांत जागा मिळाली ती आणखी पुढे. 1977 मध्ये दुहेरी तातींच्या तथाकथित स्पॅगेटी रॅकेटने इली नास्तासे यांनी गिलेर्मो विलास यांची मातीवरील विजयांची मालिका खंडित केली. विलास यांनी तर सामनाच सोडला. त्यानंतर आंतरराष्ट्रीय महासंघाने ताती एकमेकींत गुंफलेल्याच असल्या पाहिजेत, असे बंधन घातले.

लाकोस्त यांच्या पत्नी सिमोन या नामवंत गोल्फपटू. त्यांची कन्या कातरीन हिने 1967 मध्ये, म्हणजे वडिलांची रॅकेट अमेरिकेत गाजली त्याच वर्षी, हौशी खेळाडू असूनही अमेरिकेची महिला खुली गोल्फ स्पर्धा जिंकली. 12 ऑक्टोबर 1996 रोजी, वयाच्या 92 व्या वर्षी लाकोस्त यांचे सें-ज्याँ-द-लूझ येथे निधन झाले.

2018 च्या जानेवारीत, हिंजवडीपासून हाकेच्या अंतरावर असलेल्या म्हाळुंगे-बालेवाडीच्या क्रीडा संकुलात पुण्याची पहिली महाराष्ट्र ओपन झाली. अंतिम सामन्यात उंचापुऱ्या केव्हिन अँडरसनला हरविणारा जिल सिमॉन हाही फ्रेंचच. किरकोळ अंगकाठीचा, बेसलाइनवर तळ ठोकून डोक्याने खेळणारा.