रानपिंगळा आणि ह्यूमसाहेब

बुलढाणा जिल्ह्यातील जळगाव जामोद हे गाव सातपुड्याच्या पायथ्याशी वसलेले आहे. अशा गावांत जुन्या आंब्याच्या किंवा चिंचेच्या ढोलीत पिंगळ्याचे जोडपे राहत असते. दिवेलागणीच्या सुमारास ते बाहेर येते आणि त्याचा कलकलाट सुरू होतो. पिंगळा हा घुबडाच्या कुळातील लहानसा पक्षी. त्याची भाषा आपणांस कळते असे सांगून पहाटे दारोदार फिरणारे पिंगळे जोशी महाराष्ट्रास परिचित आहेत. त्याची शिकार करण्याची रीत मोठी पाहण्याजोगी असते. खांबावर अथवा फांदीवर बसून तो जमिनीवर टक लावतो. नाकतोडा, पाल किंवा उंदीर जरासा हलला, की तो झेप घेतो आणि भक्ष्य नखांत पकडतो.

याच पिंगळ्याचा एक दुर्मिळ भाऊबंद सातपुड्याच्या सागवनांत राहतो. त्यास रानपिंगळा म्हणतात. त्याच्या डोक्यावर ठिपके जवळजवळ नसतात. पाय आणि नखे मात्र भक्कम असतात. घुबड असूनही तो पुष्कळदा दिवसाउजेडी शिकार करतो. उंच झाडाच्या निष्पर्ण शेंड्यावर बसून तो शेपटी झटकीत राहतो आणि सरडा किंवा उंदीर दिसताच खाली झेपावतो. या पक्ष्याची शास्त्राला प्रथम ओळख करून दिली ती ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांनी. राष्ट्रीय सभेचे, म्हणजे काँग्रेसचे, एक संस्थापक म्हणून इतिहास त्यांना ओळखतो. परंतु त्यांच्या आयुष्याची कितीतरी वर्षे पाखरांच्या अभ्यासात गेली होती.

ह्यूम यांचा जन्म १८२९ साली झाला. त्यांचे वडील जोसेफ ह्यूम हे ब्रिटिश पार्लमेंटचे सुधारणावादी सभासद होते. १८४९ मध्ये ॲलन मुलकी नोकरीत हिंदुस्थानात आले आणि पुढे इटावा जिल्ह्याचे अधिकारी झाले. राज्य केवळ शस्त्रबळावर टिकत नाही, अशी त्यांची धारणा होती. म्हणून लोकांच्या साहाय्याने त्यांनी गावोगावी शाळा उघडल्या. १८५७ च्या आरंभी त्या जिल्ह्यात अशा १८१ शाळा चालू होत्या. त्याच वर्षी उठावाचा वणवा पेटला. ह्यूम यांना इटावा सोडून आग्र्यास जावे लागले आणि त्यांनी तोवर जमविलेला पक्ष्यांचा संग्रहही नष्ट झाला. शांतता झाल्यावर त्यांनी शाळांचे काम पुन्हा हाती घेतले आणि पक्ष्यांचा संग्रहही नव्याने आरंभिला.

एकट्या माणसाने एवढ्या मोठ्या देशातील पाखरे पाहणे अशक्य होते. हे ओळखून त्यांनी ठिकठिकाणच्या अधिकाऱ्यांशी आणि हौशी निरीक्षकांशी पत्रव्यवहार वाढविला. पक्षी कोठे मिळाला, कोणत्या दिवशी मिळाला आणि कोणी मिळविला, हे प्रत्येक नमुन्याच्या चिठ्ठीवर लिहिलेच पाहिजे, असा त्यांचा आग्रह असे. या सर्व माहितीसाठी त्यांनी ‘स्ट्रे फेदर्स’ हे नियतकालिक चालविले. १८७२ साली ब्लूइट या संग्राहकाने मध्य प्रांताच्या पूर्व भागातील फुलझर परिसरात एक अनोळखी लहान घुबड मिळविले. दुसऱ्याच वर्षी ह्यूम यांनी आपल्या नियतकालिकात त्याचे वर्णन छापून त्याला ब्लूइट यांचे नाव दिले. पुढे जेम्स डेव्हिडसन या अधिकाऱ्याने खानदेशात आणखी काही नमुने मिळविले.

सरकारच्या धोरणांवर ह्यूम स्पष्टपणे टीका करीत. त्यामुळे १८७९ मध्ये त्यांना वरिष्ठ पदावरून खाली उतरविण्यात आले आणि १८८२ साली ते निवृत्त झाले. आता हिंदुस्थानातील सर्व पक्ष्यांवर एक मोठा ग्रंथ लिहावा, हा त्यांचा मनोदय होता. परंतु लवकरच एक दारुण आघात झाला. ते सिमल्याच्या घरी परतले तेव्हा अनेक वर्षे जपलेली त्यांची टिपणे नाहीशी झाली होती. एका नोकराने ती रद्दीच्या भावाने बाजारात विकून टाकली होती. मनातला ग्रंथ मनातच राहिला. ह्यूम यांनी पक्षिशास्त्राचे काम सोडले आणि १८८५ मध्ये कातडी व अंडी मिळून सुमारे ८२,००० नमुन्यांचा आपला संग्रह लंडनच्या ब्रिटिश म्युझियमला दान केला. त्याच वर्षी २८ डिसेंबर रोजी मुंबईत राष्ट्रीय सभेचे पहिले अधिवेशन भरले. ते पुण्यास व्हावयाचे होते. पण तेथे पटकीची साथ आल्याने मुंबईस भरविण्यात आले. त्याच्या उभारणीत ह्यूम यांचा मोठा वाटा होता. १८९४ मध्ये ते इंग्लंडला परतले आणि ३१ जुलै १९१२ रोजी त्यांचे निधन झाले.

१८८४ नंतर रानपिंगळा कोणास सापडेना. रिचर्ड माइनर्ट्झहागेन या लष्करी अधिकाऱ्याने १९१४ साली तो गुजरातेत मिळविल्याचे सांगितले आणि पुढील शोधांची दिशा चुकली. पुष्कळ वर्षांनी पामेला रॅस्मुसेन या विदुषीने व तिच्या सहकाऱ्यांनी ते नमुने तपासले. तेव्हा तो डेव्हिडसन यांचाच चोरलेला नमुना असून त्यावर खोटी चिठ्ठी लावली आहे, असे निष्पन्न झाले. मग त्या शोधकांनी खोटे ठिकाण वगळले आणि जुन्या खऱ्या चिठ्ठ्यांवरील ठिकाणे धुंडाळली. फुलझरच्या बाजूस काही हाती लागले नाही; परंतु २५ नोव्हेंबर १९९७ रोजी शहाद्याजवळच्या रानात, भर दिवसा, रानपिंगळा त्यांच्या दृष्टीस पडला. ११३ वर्षांनी झालेली ही भेट होती. पुढे तो मेळघाटातही आढळला.

ज्या ग्रंथासाठी ह्यूम यांनी आयुष्य वेचले, तो कधीच लिहिला गेला नाही. परंतु पाहिले तेच लिहावे, आणि ठिकाण व दिवस यांसह लिहावे, ही शिस्त त्यांनी अनेकांस लावली. नाहीसा झाला असे मानलेल्या एका पाखराचा पत्ता त्या शिस्तीनेच जगाला पुन्हा मिळवून दिला.