ताश्कंदला गेलेले यशवंतराव

करवीरनगरीत शिकून मोठ्या झालेल्या माणसांची यादी करावयास बसलो, तर स्व. यशवंतराव चव्हाण यांचे नाव अगदी वरच्या ओळीत येईल. महाराष्ट्राचे पहिले मुख्यमंत्री आणि देशाचे संरक्षणमंत्री ही त्यांची ओळख शाळकरी मुलांनाही असते. पण ज्यांनी युद्धाच्या काळात संरक्षण खाते सांभाळले, तेच यशवंतराव पुढे तहाच्या बोलण्यांनाही गेले, आणि त्या तहातील एक कलम प्रत्यक्षात उतरावयास नऊ वर्षे लागली, ही हकीकत फारशी सांगितली जात नाही. ती येथे थोडक्यात सांगावी असे वाटते.

यशवंतरावांचा जन्म १२ मार्च १९१३ रोजी देवराष्ट्रे या गावी, आजोळी झाला. वडील बळवंतराव ते लहान असतानाच वारले. आई विठाबाई यांना लिहिता वाचता येत नव्हते. पण मुलांनी शिकावे हा त्यांचा ध्यास होता. कराडच्या टिळक हायस्कूलमध्ये शिकत असतानाच यशवंतराव स्वातंत्र्याच्या चळवळीत पडले आणि १९३२ साली तुरुंगात गेले. सुटून आल्यावर मॅट्रिक झाले व कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात दाखल झाले. त्या वेळी हे कॉलेज भवानी मंडपाजवळ भरत असे. राजर्षी शाहू महाराजांनी जातीजमातींच्या मुलांसाठी वसतिगृहे काढलेले हे शहर. १९०६ साली सुरू झालेले मुस्लिम बोर्डिंग त्यांपैकीच एक. अशा वातावरणात राहून १९३८ साली ते बी. ए. झाले. पुढे पुण्यास वकिली शिकले, बेचाळीसच्या लढ्यात भूमिगत झाले. १९४६ साली आमदार, १९५६ साली द्विभाषिक मुंबई राज्याचे मुख्यमंत्री आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्राचे पहिले मुख्यमंत्री, असा हा प्रवास झाला.

१९६२ च्या चिनी आक्रमणानंतर पंडित नेहरूंनी त्यांना दिल्लीस बोलावून घेतले व संरक्षण खाते सोपविले. तीनच वर्षांनी, १९६५ साली, पाकिस्तानशी युद्ध झाले. १ सप्टेंबर रोजी छांब भागात पाकिस्तानी रणगाडे पुढे सरकू लागले, तेव्हा विमानदल वापरण्यास यशवंतरावांनी तात्काळ संमती दिली. त्याआधीच आपल्या जवानांनी प्राण पणास लावून हाजीपीर खिंड जिंकली होती. २३ सप्टेंबरला युद्ध थांबले. परंतु दोन्ही सैन्ये समोरासमोर उभीच होती.

अशा वेळी सोव्हिएत पंतप्रधान कोसिजिन यांनी दोन्ही देशांना ताश्कंद येथे बोलाविले. ४ जानेवारी १९६६ रोजी परिषद सुरू झाली. पाकिस्तानकडून राष्ट्राध्यक्ष अयुबखान व भुत्तो आले. आपल्याकडून पंतप्रधान लालबहादूर शास्त्री, परराष्ट्रमंत्री स्वर्णसिंग आणि संरक्षणमंत्री यशवंतराव गेले. बोलणी अनेकदा तुटण्याच्या बेतास आली. अखेर १० जानेवारीस करारावर सह्या झाल्या. २५ फेब्रुवारीपर्यंत दोन्ही सैन्यांनी ५ ऑगस्ट १९६५ पूर्वीच्या जागी परत जावे, असे ठरले. म्हणजेच हाजीपीर सोडावयाची होती. ज्या जवानांनी ती घेतली, त्यांच्या खात्याच्या मंत्र्याला त्या बैठकीत बसून काय वाटले असेल, याची कल्पनाच केलेली बरी. देशातही नाराजी उमटली. महावीर त्यागी यांनी याच कारणावरून केंद्रीय मंत्रिपद सोडले. आणि सह्या झाल्या त्याच रात्री शास्त्रीजींचे ताश्कंदमध्ये निधन झाले. दुसऱ्या दिवशी त्यांच्या शवपेटीस कोसिजिन यांच्याबरोबर अयुबखानांनीही खांदा दिला. चार महिन्यांपूर्वी लढणाऱ्या दोन देशांनी हे दृश्य पाहिले.

वर्गात हा धडा शिकविताना दरवर्षी एखादा मुलगा विचारतोच की, जिंकलेली खिंड परत का दिली? त्याचे उत्तर करारातील दुसऱ्या एका कलमात थोडेफार सापडते. दोन्ही देशांतील व्यापार, आर्थिक संबंध व दळणवळण पूर्ववत करण्याचे उपाय योजावेत, असे ते कलम. फाळणीपूर्वी पूर्व बंगालचा ताग कलकत्त्याच्या गिरण्यांत येई, सिंध व पंजाबचा कापूस मुंबई अहमदाबादेस येई. १९४८-४९ साली पाकिस्तानच्या निर्यातीचा अर्ध्याहून अधिक माल भारतातच येत होता. जेथे एकाचा माल व दुसऱ्याची गिरणी अशी गाठ असते, तेथे भांडणाची किंमत दोघांनाही मोजावी लागते. हा विचार त्या कलमामागे होता.

परंतु सैन्य हुकुमाने मागे घेता येते, व्यापार हुकुमाने सुरू होत नाही. एकमेकांचा जप्त केलेला माल व मालमत्ता अडकून पडली होती, आणि पाकिस्तानने काश्मीरचा प्रश्न आधी असा आग्रह धरला. कलम कागदावरच राहिले. मध्ये १९७१ चे युद्ध झाले, १९७२ साली सिमला करार झाला. ऑक्टोबर १९७४ मध्ये यशवंतराव परराष्ट्रमंत्री झाले आणि त्यांच्याच कारकिर्दीत, डिसेंबर १९७४ मध्ये, नऊ वर्षांची व्यापारबंदी उठली. जानेवारी १९७५ मध्ये व्यापार करार झाला. १९७६ साली दोन्ही देशांचे राजदूत परत नेमले गेले आणि २२ जुलै रोजी अमृतसर ते लाहोर समझोता एक्सप्रेस धावली. फाळणीने ज्या कुटुंबांतील भावाबहिणी सीमेच्या दोन बाजूंना राहिल्या होत्या, त्यांना या गाडीचे मोल वेगळे सांगावयास नको. त्याच वर्षी चीनमध्येही चौदा-पंधरा वर्षांनी आपला राजदूत गेला.

या सर्व गोष्टी एकट्या यशवंतरावांनी केल्या असे म्हणणे योग्य होणार नाही. धोरण सर्व सरकारचे होते. आणीबाणीत ते मंत्रिमंडळात राहिले, याबद्दल त्यांच्यावर टीकाही झाली. तीही विसरता येत नाही. २५ नोव्हेंबर १९८४ रोजी दिल्लीत त्यांचे निधन झाले.

२०१९ साली समझोता एक्सप्रेस थांबली, व्यापारही थांबला. म्हणून ताश्कंद फुकट गेले काय? तसे मला वाटत नाही. एकदा नऊ वर्षे बंद असलेले दार उघडले होते, ही गोष्ट इतिहासात नोंदलेली आहे. विद्यार्थी मित्रांनो, वेळ आली तेव्हा लढण्यास संमती देणारा आणि वेळ आली तेव्हा शेजाऱ्याशी बोलावयास बसणारा माणूस एकच होता, आणि तो आपल्याच गावच्या कॉलेजात शिकला होता. एवढे लक्षात ठेवले तरी या लेखाचे सार्थक झाले असे मी समजेन.