विश्लेषण : पाचगणीत शिकलेला फ्रेडी मर्क्युरी, लंडनचा जुना गे पब आणि प्रिन्सेस डायनाची ‘ती’ रात्र

लंडनमध्ये थेम्स नदीच्या दक्षिणेला ‘रॉयल व्हॉक्सहॉल टॅव्हर्न’ हा पब आहे. १८६०च्या दशकाच्या सुरुवातीला बांधलेला, आणि कित्येक दशके गे पब म्हणून ओळखला जाणारा. ‘क्वीन’ बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी याने एका रात्री प्रिन्सेस डायनाला पुरुषी वेशात इथे नेले होते, अशी गोष्ट सोशल मीडियावर अधूनमधून फिरते. ती कितपत खरी आहे? आणि फ्रेडीसारख्या माणसाला अशा पबची गरज का होती?

पाचगणी ते लंडन

फ्रेडीचे मूळ नाव फारुख बलसारा. ५ सप्टेंबर १९४६ रोजी झांझिबारमध्ये एका पारशी कुटुंबात त्याचा जन्म झाला. आठव्या वर्षी त्याला पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत, थेट बोर्डिंगमध्ये पाठवण्यात आले. पियानो तो इथे शिकला, ‘हेक्टिक्स’ हा पहिला बँडही इथलाच आणि फारुखचा ‘फ्रेडी’ झाला तोही इथेच. १९६४ मध्ये झांझिबारमध्ये क्रांती झाली आणि बलसारा कुटुंब जीव मुठीत धरून इंग्लंडला आले. हीथ्रो विमानतळावर सामान उचलण्यापासून केन्सिंग्टन मार्केटमध्ये कपडे विकण्यापर्यंत फ्रेडीने सगळे केले. १९७० मध्ये ‘क्वीन’ सुरू झाला. पुढचे जगाला माहीत आहे.

फारसे ठाऊक नव्हते ते त्याचे खासगी आयुष्य. मेरी ऑस्टिन या मैत्रिणीसोबत तो काही वर्षे राहिला. १९७६ च्या सुमारास आपल्या लैंगिकतेविषयी तो तिच्याशी बोलला. जोडी म्हणून ते वेगळे झाले, मैत्री मात्र शेवटपर्यंत टिकली. १९८५ पासूनचा त्याचा जोडीदार जिम हटन हा केशकर्तनकार होता. त्यांची ओळख गे क्लबमधली. तरीही मुलाखतींमध्ये फ्रेडी हा विषय टाळत राहिला. इंग्लंडमध्ये १९६७ च्या कायद्याने २१ वर्षांवरील दोन पुरुषांचे संबंध गुन्हा राहिले नव्हते, पण तेही चार भिंतींच्या आत. या पबचे महत्त्व तिथेच होते. इथे काही लपवावे लागत नसे.

रबरी हातमोजे घातलेले पोलीस

दुसऱ्या महायुद्धानंतर हा पब ड्रॅगसाठी, म्हणजे स्त्रीवेशातल्या पुरुषांच्या कार्यक्रमांसाठी, प्रसिद्ध झाला. वेशापुरते पाहिले तर आपल्याकडच्या स्त्रीपार्टी नटांची आठवण यावी. मात्र इथला रंग सगळा टवाळीचा. १९८० च्या दशकात पॉल ओग्रेडी हा कलाकार ‘लिली सॅव्हेज’ बनून इथला मंच गाजवत होता.

जानेवारी १९८७ मध्ये त्याचा कार्यक्रम सुरू असताना पोलिसांनी छापा टाकला. त्यांच्या हातात रबरी हातमोजे होते. समलिंगी माणसाला हात लावला तर एड्स होईल, ही भीती वर्दीतल्या लोकांनाही होती. ११ जणांना अटक झाली. हे पोलीस भांडी घासायला आले की काय, अशी टर लिलीने उडवल्याचे सांगतात.

त्याच वर्षी फ्रेडीला एचआयव्हीचे निदान झाले. त्याने ते मोजक्या लोकांनाच सांगितले. हातमोज्यांची ती गोष्ट लक्षात घेतली, तर ही गुप्तता समजायला जड जात नाही. वृत्तपत्रांचे छायाचित्रकार घराबाहेर ठाण मांडून असत. २३ नोव्हेंबर १९९१ रोजी आजाराविषयीचे निवेदन प्रसिद्ध झाले आणि दुसऱ्याच दिवशी तो गेला. वय अवघे ४५. अंत्यसंस्कार पारशी पुरोहितांच्या उपस्थितीत झाले.

डायनाची गोष्ट खरी की खोटी?

अभिनेत्री क्लिओ रोकोस यांनी २०१३ मधल्या आपल्या आठवणींच्या पुस्तकात हा प्रसंग लिहिला. त्यांच्या म्हणण्यानुसार, १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात विनोदी कलाकार केनी एव्हरेट, फ्रेडी आणि त्या स्वतः डायनाला घेऊन पबमध्ये गेले. डायनाने लष्करी जॅकेट, टोपी आणि काळा चष्मा चढवला होता. तिला कोणीही ओळखले नाही. अडचण एवढीच, की पुस्तक आले तेव्हा चौघांपैकी रोकोस एकट्याच हयात होत्या. फ्रेडी १९९१, एव्हरेट १९९५ आणि डायना १९९७ मध्ये गेली. त्यामुळे दुजोरा देणारे कोणीच उरले नाही. ऐकायला झकास आहे, पण पुरावा म्हणून कच्चीच.

आज पबचे काय?

आता इथे येणाऱ्याला ओळख लपवावी लागत नाही. १९९५ पासून ‘डकी’ या गटाच्या शनिवारच्या प्रयोगांनी वेगळाच प्रेक्षक आणला. ड्रॅग तर टीव्हीवर पोहोचले. धोका आला तो जमिनीच्या भावातून. व्हॉक्सहॉलमध्ये टोलेजंग इमारती उभ्या राहू लागल्या आणि २०१४ मध्ये पबची वास्तू एका मालमत्ता कंपनीने विकत घेतली. लंडनमधले निम्म्याहून अधिक गे पब आणि क्लब साधारण त्याच दशकभरात बंद पडले होते. नेहमीच्या ग्राहकांनी मोहीम उघडली. सप्टेंबर २०१५ मध्ये या पबला संरक्षित वास्तूचा दर्जा मिळाला. एलजीबीटीक्यू इतिहासातील महत्त्वामुळे असा दर्जा मिळालेली ही ब्रिटनमधली पहिली इमारत.

पण या दर्जाने वाचते ती वास्तू. आत कोणता व्यवसाय चालावा, हे त्यातून ठरत नाही. म्हणून कार्यकर्त्यांनी स्थानिक परिषदेकडे पाठपुरावा सुरूच ठेवला. पुढच्याच वर्षी नियोजनाच्या नोंदीत पबला स्वतंत्र वर्ग मिळाला. आता इथे पबऐवजी दुसरे काही सुरू करायचे, तर मालकाला आधी परिषदेची परवानगी घ्यावी लागते.