विल्फ मॅनियनची अडलेली बदली

परदेशी फुटबॉलपटूंचे भाव आपल्या सोसायटीतल्या मुलांना तोंडपाठ असतात. अमुक खेळाडू एवढ्या कोटींना गेला वगैरे. पण एक काळ असा होता की खेळाडू विकला जायचा आणि पैसा सगळा क्लबाच्या खिशात. त्या काळातल्या एका खेळाडूची ही हकिगत.

विल्फ मॅनियनचा जन्म १९१८ सालचा, ईशान्य इंग्लंडमधल्या साउथ बँकचा. लोखंडाच्या कारखान्यांची कामगारवस्ती. घरात दहा भावंडं. १९३६ मध्ये तो जवळच्याच मिडल्सब्रो क्लबात दाखल झाला. अंगापिंडाने लहानखुरा, केस सोनेरी. लोक त्याला गोल्डन बॉय म्हणू लागले. ऐन उमेदीची वर्षं महायुद्धाने खाल्ली, तो सैन्यात गेला. परत आल्यावर १९४७ साली ग्लासगोत ब्रिटन विरुद्ध उर्वरित युरोप असा सामना झाला. सव्वा लाखाहून जास्त प्रेक्षक! ब्रिटनने तो ६-१ असा जिंकला, त्यात दोन गोल याचे.

आणि पगार? इंग्लंडमध्ये फुटबॉलपटूच्या पगाराला कमाल मर्यादा होती. हंगामात आठवड्याला १२ पौंड, उन्हाळ्यात १०. तेव्हाच्या दराने १२ पौंड म्हणजे साधारण १६० रुपये. त्यावर आणखी एक अट. करार संपला तरी क्लबाने सोडल्याशिवाय दुसरीकडे खेळता येत नसे, आणि सही केली नाही तर पगारही बंद. म्हणजे नोकरी संपली तरी दाखला साहेबाच्या कपाटात!

१९४८ मध्ये मॅनियनने सही करायला नकार दिला. त्याला ओल्डहॅमला जायचं होतं. क्लब तिसऱ्या श्रेणीतला, पण तिथे खेळाच्या जोडीला दुसरं काम मिळणार होतं. आम्ही बँकवाले बदली टळावी म्हणून वरिष्ठांचे उंबरठे झिजवायचो, हा बदलीसाठी हटून बसला. मिडल्सब्रोने त्याची किंमत सांगितली २५,००० पौंड. मी हिशेब करून पाहिला, बारा पौंडांनी तेवढे पैसे मिळवायला चाळीस वर्षं लागतात. ओल्डहॅमला ते झेपणं शक्यच नव्हतं. इंग्लंडचा हा खेळाडू मग कोंबड्यांची खुराडी विकत राहिला. काही महिने तग धरला, पण १९४९ च्या सुरुवातीला मुकाट्याने जुन्याच क्लबात परतला.

पुढच्या वर्षी ब्राझीलमधल्या विश्वचषकात अमेरिकेने इंग्लंडला १-० हरवलं, तेव्हाही तो संघात होता. (या स्पर्धेला भारताचाही संघ जायचा होता, पण गेला नाही.) देशासाठी एकूण २६ सामने आणि ११ गोल.

१९५४ मध्ये मिडल्सब्रो सुटलं. थोडे दिवस हल सिटीकडे खेळला. वर्तमानपत्रात त्याच्या नावाने लेख आले, त्यात क्लबं खेळाडूंना चोरून पैसे देतात असं होतं. लीगने नावं मागितली, याने दिली नाहीत, तर बंदी घातली! मग छोट्या क्लबांतून खेळणं आणि पुढे चक्क मजुरी.

पगाराची मर्यादा १९६१ मध्ये उठली. दोनच वर्षांनी जॉर्ज ईस्टहॅम या खेळाडूच्या खटल्यात न्यायालयाने ती अडवणूकही बेकायदा ठरवली. मॅनियन तोवर पंचेचाळिशीचा झाला होता. मिडल्सब्रोत त्याच्या मदतीसाठी गौरव सामना झाला तो १९८३ मध्ये, तोही जुना सहकारी जॉर्ज हार्डविक याच्याबरोबर वाटून. एप्रिल २००० मध्ये तो गेला. आज क्लबाच्या नव्या मैदानाबाहेर दोघांचे पुतळे उभे आहेत.