भांडवल आणि चहाचा पेला

राजर्षी शाहू महाराज (१८७४–१९२२) १८९४ साली कोल्हापूरच्या गादीवर आले. १९०२ साली त्यांनी मागासलेल्या वर्गांसाठी नोकऱ्यांत निम्म्या जागा राखून ठेवल्या. पण नोकरीवर सर्वांचेच भागणार नव्हते.

त्यांच्या पदरी असलेल्या गंगाराम कांबळे यांना पाण्याच्या हौदाला शिवल्याबद्दल मारहाण झाली. महाराजांनी त्यांना धंद्यासाठी भांडवल दिले. 'सत्यसुधारक' हे चहाचे दुकान निघाले. परंतु अस्पृश्याच्या हातचा चहा घ्यावयास कोणी येईना. तेव्हा महाराज आपल्या लवाजम्यासह तेथे थांबून चहा घेऊ लागले व बरोबरच्यांनाही पाजू लागले.

वाचकहो, गरिबाला भांडवल वा कर्ज देऊन आपले काम संपत नाही. सौंसरच्या बाजारात कोणी नवे दुकान मांडले, तर पहिले गिऱ्हाईक आपणच व्हावे.